रान फुटलं, आणि बारा वर्षं आम्ही दुसऱ्यांकडं बोट दाखवत राहिलो

कृष्णाकाठचा | २४ एप्रिल, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. पहिल्यांदाच धागा काढतोय, थोडा लांबेल.

वाळवा तालुक्यात नदीपासून दीड-दोन किलोमीटर आत आमचं सव्वादोन एकराचं काळं रान आहे. आबांच्या हातात होतं तेव्हा एकरी ६० टनाच्या खाली ऊस कधी आला नाही. यंदा तोड झाली आणि एकरी २१ टन पडला. खालच्या अंगाच्या आठ-दहा गुंठ्यांत तर टोळीनं कोयताच घातला नाही, तोडायला काही नव्हतंच.

उन्हं वर यायच्या आधी गेलं की बोदावर, म्हणजे दोन सऱ्यांमधल्या वरंब्यावर, पांढरं फूल आलेलं दिसतं, पीठ शिंपडल्यागत. बोटानं उचलून जिभेवर ठेवलं तर खारट आणि मागनं कडू. आमच्याकडं याला रान फुटलं म्हणतात.

का फुटलं याची आमच्या घरात तीन उत्तरं होती. आबा म्हणायचे, वरच्या मळ्यातलं पाणी पाझरतंय. मी म्हणायचो, पाणीपुरवठा संस्था पाण्याची पाळी वेळेवर देत नाही, मग आली की भरून घ्यावंच लागतं. आई म्हणायची, हे सगळं युरियानं केलं. पारावर बसलं की चौथं उत्तर मिळायचं, सरकार. बारा वर्षं हे चाललं. त्यात आबा गेले.

मार्चअखेरीला माती तपासली. विद्युत वाहकता, म्हणजे ज्याला आपण ईसी म्हणतो, ती ६.१ आली आणि सामू, म्हणजे पीएच, ८.३. ईसी ४ च्या वर गेली की जमीन क्षारयुक्त धरतात. सामू ८.५ च्या वर आणि सोडियम १५ टक्क्यांच्या वर गेला की चोपण, म्हणजे सोडियमनं बिघडलेली घट्ट जमीन. म्हणजे आमची अजून चोपण झालेली नाही, निचरा झाला तर मीठ धुऊन निघू शकतं. खात्री करायला चार फुटांचा खड्डा काढला. अडीच फुटांवर पाणी लागलं. रान महिनाभर कोरडं होतं, वर एप्रिलचं ऊन, आणि अडीच फुटांवर पाणी.

खड्डा बघायला आलेल्या जाणत्या माणसानं मला एकच विचारलं, "एका पाळीला मोटर किती तास चालते?"

मला सांगता आलं नाही. कारण आमची मोटर ऑटोवर असते. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो: आमच्याकडं शेतीची लाईट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री असते. रात्री दोनला उठून कोण जाणार, म्हणून मोटरच्या पेटीत ऑटो बसवतात. लाईट आली की मोटर आपोआप सुरू, गेली की बंद. मी दारं मोडून, म्हणजे सऱ्यांची तोंडं पाण्याला उघडून, ऑटो टाकून घरी येऊन झोपायचो. सकाळी जाऊन बघावं तर सऱ्या तुडुंब, बोद बुडालेला, बगळे बसलेले, आणि पाणी बांधावरून खालच्या रानात. बारा वर्षं मी हे माझ्या डोळ्यांनी बघितलंय. पाणी जास्त झालं असं एकदाही मनात आलं नाही. उलट वाटायचं, चला, भरपूर भिजलं.

काळ्या मातीतून पाणी खाली लवकर उतरत नाही. भूजल वर येतं. ऊन पडलं की ते मातीच्या बारीक नळ्यांतून पृष्ठभागावर ओढलं जातं, पाणी उडून जातं आणि मीठ मागं राहतं. हे मला आता कळलं. पण बगळे रोज दिसत होते.

आता खरा प्रश्न. खालचं रान माझ्या थोरल्या चुलतभावाचं, तीस गुंठे. आम्ही त्याला दादा म्हणतो. त्याचं रान आमच्या आधी चार वर्षं गेलं. तो म्हणायचा, तुमच्या पाण्यानं गेलं. मी म्हणायचो, तुझं रानच खोलगट, त्याला मी काय करू. एकदा बांधावर बोलाबोली झाली आणि त्यानंतर सात वर्षं आम्ही एकमेकांशी बोललेलो नाही. भावकीतल्या लग्नात समोरासमोर आलो तरी मान वळवतो.

तो खरं बोलत होता. हे त्याच्याकडं जाऊन सांगावं असं वाटतं. कसं सांगू?

बांधावरून | २४ एप्रिल, रात्री १०:१५

दोन गोष्टी विचारतो. खालच्या बाजूला ओढा किंवा जुनी चर आहे का? आणि ती आज उघडी आहे का? पाणी बाहेर पडायला तोंडच नसेल तर ठिबक करा, जिप्सम टाका, हिरवळीच्या खताला धैंचा गाडा, मीठ तिथंच फिरत राहतं. जिप्सम तर तुमच्या सामूला फारसं लागणारही नाही, ते चोपण जमिनीचं औषध.

भावाचं तुम्ही बघा. पण निचऱ्याचा पाइप तुमच्या बांधाशी थांबणार नाही, त्याच्या रानातनंच ओढ्याला जाणार. बोलावं तर लागणारच.

पेठेतला | २५ एप्रिल, सकाळी ७:५०

धागा वाचून रात्री झोप लागली नाही. माझी गोष्ट पाण्याचीच आहे, फक्त पुराची.

सांगलीत मारुती चौकापासून जवळ आमचं दुकान. वडिलांनी २००५ च्या पुराची रेघ भिंतीवर ऑइलपेंटनं ओढून ठेवली होती. तेव्हा आयर्विन पुलाजवळ पाणी ५३ फुटांवर गेलं होतं. पुढची चौदा वर्षं आम्ही त्या रेघेवर भरवसा ठेवला. फळ्या रेघेच्या वर एक वीत ठोकल्या आणि माल त्यावर. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं. एक वीत कुठल्या कुठं गेली.

नंतर दीड वर्ष मी एकच बोलत होतो. कोयनेतनं एकदम सोडलं. अलमट्टीनं वेळेत सोडलं नाही. नदीपात्रात बांधकामं होऊ दिली. हे प्रश्न खोटे नाहीत, त्यावर वडनेरे समिती नेमली गेली, अजून वाद चालू आहेत. पण पाणी ४० फुटांवर इशारा पातळीला आलं होतं तेव्हा मी दुकानात होतो. ४५ ला धोका पातळी ओलांडली तेव्हाही मी दुकानात होतो. शेजारचे टेम्पो भरत होते आणि मी त्यांना रेघ दाखवत होतो. टेम्पोचं भाडं वाचवलं मी. हे पहिल्यांदा बायकोनं तोंडावर सांगितलं तेव्हा मी तिच्यावर ओरडलो.

२०२१ च्या जुलैत पाणी परत वाढायला लागलं. ३५ फुटांनाच माल हलवला. पाणी ५० च्या वर गेलं, दुकानात शिरलं, फर्निचर भिजलं. माल वाचला. अलमट्टी तिथंच होती, कोयनाही तिथंच होती.

दादांकडं जा. उशीर करू नका.

सातारकर_ताई | २५ एप्रिल, दुपारी १:०५

मला थोडं वेगळं म्हणायचं आहे, राग मानू नये.

"स्वतःची जबाबदारी घ्या" हे वाक्य शेतकऱ्याला फार लवकर ऐकवलं जातं. बहुतेक पाणीपुरवठा संस्थांत उसाची पाणीपट्टी एकरावर असते. किती पाणी घेतलं ते कुणी मोजत नाही. सरी बोटभर भरा नाहीतर बुडवा, पट्टी तेवढीच. मग कुणी का वाचवेल? रात्रीची लाईट तुम्ही मागितली नव्हती. रात्री साप-विंचवात जाऊन दारं फिरवायची नाहीत म्हणून ऑटो बसवला, त्यात गुन्हा काय? ज्या व्यवस्थेनं माणसाला ऑटो बसवायला लावला तिनं हात झटकायचे आणि यानं बांधावर उभं राहून "माझं चुकलं" म्हणायचं, हे मला पटत नाही. माझं माहेर शेतकऱ्याचं आहे. घरातल्या माणसांनी सगळं आपल्या अंगावर घेतलेलं मी बघितलंय आणि त्याचा शेवटही बघितलाय.

कृष्णाकाठचा | २५ एप्रिल, रात्री ८:३०

ताई, राग कशाचा. पाणीपट्टीचं तुम्ही बोललात ते शंभर टक्के खरं. आमच्याकडंही एकरावरच आहे.

पण एक सांगतो. मधली तीन वर्षं आम्हाला सलग दिवसाची लाईट मिळाली. तेव्हा मी रानात जाऊन दारं फिरवू शकत होतो. तरी ऑटो काढला नाही, कारण सवय लागली होती आणि सकाळी मला तालुक्याला जायचं असायचं. त्या तीन वर्षांचं पाणी मी कुणाच्या नावावर टाकू? ते माझंच. रात्रीच्या लाईटचं मी मागनं भांडेन, आणि भांडायला पाहिजेच. पण दादाच्या रानात गेलेल्या पाण्यात हा वाटा माझा होता, आणि तो मी सात वर्षं कबूल केला नाही.

माणदेशी_पोरगं | २५ एप्रिल, रात्री ११:२०

मी शेती करत नाही पण लिहावंसं वाटलं. खटाव तालुक्यातला. पुण्यात सहा वर्षं स्पर्धा परीक्षा केली. कोरोनात राज्यसेवेची पूर्वपरीक्षा पुढं पुढं ढकलली गेली. मार्च २०२१ मध्ये पुन्हा पुढं ढकलली तेव्हा रस्त्यावर उतरलेल्या पोरांत मीपण होतो. तो राग खरा होता, आजही आहे. आमची वयं निघून जात होती.

गावी परत आल्यावर जुनी वही सापडली, त्यात मी रोजचे तास लिहायचो. अभ्यासिकेत १२ तास असं पानोपान आहे. कंसात बारीक अक्षरात खरे तास: ५, साडेचार, ६. चहा, कट्टा, आयोगावर चर्चा. सहा वर्षांत घड्याळ लावून पूर्ण पेपर सोडवलेले दिवस मोजले. एकोणीस भरले. माझ्या हातचं अक्षर होतं, नाकारता येईना. आयोग दोषी असेल-नसेल, ते एकोणीस माझे.

आता गावातल्या पोरांना दर रविवारी घड्याळ लावून पेपर सोडवायला बसवतो. बाकी काही शिकवत नाही.

मास्तर_निवृत्त | २६ एप्रिल, सकाळी ६:१०

चौतीस वर्षं मराठी शिकवलं, कऱ्हाडच्या आसपासच्या खेड्यांत. धाग्याचं नाव वाचून एक जुना विचार परत वर आला, तो मांडतो.

आपल्या भाषेत काम करणाऱ्याला वाक्यातून बाहेर काढायची फार मोठी सोय आहे. पाटी फुटली. दूध उतू गेलं. राहून गेलं. उशीर झाला. माझ्याकडून चूक झाली. वर्गात पोरगं समोर उभं, हातात पाटीचे दोन तुकडे, आणि म्हणतं, "गुरुजी, फुटली." कुणी फोडली, हे वाक्यात कुठंच नाही. मी त्याला रागवायचो नाही, फक्त तेच वाक्य "मी"पासून सुरू करायला सांगायचो. "मी पाटी..." इथं पोरं अडायची. काही रडायची. एकदा म्हणून झालं की मात्र मोकळी होऊन खेळायला पळायची.

"रान फुटलं" हेही तसंच वाक्य आहे. रान आपणहून फुटलं असं वाटतं. तुम्ही ते "मी ऑटो टाकून झोपलो" असं लिहिलंत. भावाशी बोलतानाही क्रियापद असंच ठेवा. "पाणी जात होतं" म्हणू नका, "मी पाणी सोडत होतो" म्हणा. त्याच्या कानाला फरक कळेल.

मी स्वतः रयतच्या वसतिगृहात वाढलो. कर्मवीर अण्णांनी १९१९ मध्ये कऱ्हाडजवळच्या काल्यात संस्था सुरू केली, आणि "स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद" हे आम्ही रोज म्हणायचो. आमच्यासाठी ते रोजचं काम होतं. ज्याची पाळी त्यानं झाडायचं. अंगण घाण राहिलं तर कुणाची पाळी होती ते फळ्यावर लिहिलेलं असायचं.

लेक_पलूसची | २६ एप्रिल, दुपारी ३:४५

ताईंचं आणि मास्तरांचं, दोन्ही वाचलं. मधलं एक सांगते.

आमची द्राक्षबाग होती. एका वर्षी फळछाटणीनंतर सलग आठ दिवस पाऊस लागला आणि डाऊनी रोगानं घड गेले. बाबांची एक फवारणी चुकली होती, दोन दिवस उशीर. बाबांनी कुणालाच दोष दिला नाही. औषधवाल्याला नाही, पावसाला नाही. सगळा स्वतःवर घेतला. आणि मग दोन वर्षं बागेत पाऊल टाकलं नाही. खुर्चीत बसून "माझ्यामुळं गेलं" एवढंच. बाग त्या दोन वर्षांत खरी गेली. आईनं मजूर लावून खरड छाटणी करून घेतली, तेवढीच.

बाबा किती प्रामाणिक, असं सगळे म्हणायचे. मला मात्र त्यांचा राग यायचा, अजून येतो. त्यांनी दोष घेतला पण पुढचं काम आमच्यावर टाकलं.

म्हणून दादांकडं जाताना रडायला जाऊ नका. काय केलं ते सांगा, किती वर्षं केलं ते सांगा, उद्यापासून काय करणार ते सांगा. तुम्हाला किती वाईट वाटतंय हे त्याच्या ओटीत टाकू नका. त्याच्याकडं त्याचं तीस गुंठ्यांचं दुःख आधीच आहे. आणि तो लगेच माफ करेल अशी आशा धरून जाऊ नका. शिव्या दिल्या तर ऐकून घ्या.

बांधावरून | २६ एप्रिल, दुपारी ४:१०

पलूसच्या ताईंनी लाख बोललं. जाताना माती परीक्षणाचा कागद बरोबर न्या. पेटीतला ऑटो आधी काढा, मग जा.

कृष्णाकाठचा | ३ मे, रात्री १०:०५

गेलो होतो. सविस्तर लिहितो, कारण तुमच्यामुळं गेलो.

सकाळी पेटीतला ऑटो काढला. संध्याकाळी तो पिशवीत घातला, माती परीक्षणाचा कागद घेतला आणि दादाच्या दारात गेलो. वहिनी भाकरी करत होत्या, मला बघून त्यांचा हात थांबला. दादा ओसरीवर. "ये" म्हणाला नाही, जा पण म्हणाला नाही.

मी उभ्या उभ्याच सांगितलं. मास्तरांचं वाक्य डोक्यात होतं. म्हटलं, "दादा, मी बारा वर्षं मोटर ऑटोवर टाकून झोपलो. मी तुझ्या रानात पाणी सोडत होतो. तू सांगत होतास आणि मी खोटं बोलत होतो." आणि ऑटो काढून ओसरीच्या कठड्यावर ठेवला.

बराच वेळ कुणी बोललं नाही. मग त्यानं बोलायला सुरुवात केली आणि सात वर्षांचं सगळं काढलं. त्या तीस गुंठ्यांवर थोरल्या लेकीचं लग्न करायचं ठरलं होतं, ते कर्ज काढून करावं लागलं, हे मला पहिल्यांदा कळलं. लग्नाला मी गेलो नव्हतो. त्याचा आवाज चढला, वहिनी बाहेर आल्या. मी ऐकून घेतलं. पलूसच्या ताई, तुमचं ऐकलं म्हणून तोंड उघडलं नाही, नाहीतर दोन ठिकाणी मी नक्की "पण" म्हणालो असतो.

शेवटी कागद मागितला. वाचला. मला म्हणाला, "ईसी म्हंजे काय रं?" मी सांगितलं. मग मीच म्हटलं, पाणी बाहेर जायला वाट नाही, बांधाच्या खालनं आबांच्या काळात चर होती म्हणतात, ती कुठं गेली कुणास ठाऊक.

दादा खाली बघत म्हणाला, "ती मी बुजवली. दोन सऱ्या वाढत होत्या."

मला हे माहीतच नव्हतं. बारा वर्षं मी त्याच्या खोलगट रानाला दोष दिला, वरच्या मळेवाल्याला दिला, आणि चर कुठं गेली हे कधी विचारलं नाही. त्यानंही हे आजवर घरात बोललेलं नव्हतं, वहिनींच्या तोंडावरनं कळत होतं. तो म्हणाला, "तू आधी म्हटला नसतास तर मी मरेपर्यंत म्हटलं नसतं."

मिठी वगैरे काही झालं नाही. मी जेवलोही नाही तिथं. निघताना त्यानं ऑटो परत माझ्या हातात दिला आणि म्हणाला, सकाळी फावडं घेऊन ये, चरीची रेघ मला आठवते.

पेठेतला | ४ मे, सकाळी ७:२०

वाचून डोळ्यांत पाणी आलं. बायकोला वाचून दाखवलं.

सातारकर_ताई | ४ मे, सकाळी ११:३०

मी माझा मुद्दा सोडत नाही, पण तुम्ही गेलात ते बरं केलंत. आता दोघांनी मिळून पुढचं पाऊल टाका: संस्थेच्या सभेत पाणी मोजून द्या आणि मोजून पट्टी लावा असा अर्ज द्या. एकट्याच्या अर्जाला कुणी विचारत नाही. वरच्या-खालच्या दोन भावांची सही एका कागदावर असेल तर बाकीचे ऐकतात.

आमच्या कोरेगाव तालुक्यातलं वेळू गाव २०१६ च्या पहिल्या वॉटर कप या जलसंधारणाच्या स्पर्धेत पहिलं आलं. तिथंही दुष्काळाचा दोष द्यायला जागा भरपूर होती. लोक कुदळ-फावडी घेऊन डोंगराला गेले, आणि मग त्याच लोकांच्या शब्दाला कचेरीत वजन आलं. म्हणून सांगते, फावडं घ्या आणि अर्जही लिहा.

बांधावरून | ४ मे, दुपारी २:००

आता कामाचं. चर वळवाच्या आधी मोकळी करा. तळ ओढ्याच्या दिशेनं सलग उतरता पाहिजे, मध्ये कुठं खळगा राहिला तर तिथंच पाणी तुंबेल. चर चालली की मग भूमिगत निचऱ्याचा विचार. सच्छिद्र पाइप साधारण तीन ते साडेचार फूट खोल जातो, त्यावर जाळीचं आवरण असतं म्हणजे बारीक माती आत जात नाही. दोन पाइपांतलं अंतर रान बघून ठरतं, ते अंदाजानं करू नका. कसबे डिग्रजच्या कृषी संशोधन केंद्रात जाऊन विचारा. कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यात शेतकऱ्यांनी गटानं केलेली कामं आहेत, दोघं भाऊ एकदा जाऊन बघून या. खर्च दोघांच्या क्षेत्राच्या प्रमाणात आधीच लिहून ठेवा, पुढं वाद नको.

आडसाली, म्हणजे पावसाळ्यातली उसाची लागण यंदा करू नका. धैंचा पेरा.

कृष्णाकाठचा | २२ मे, सकाळी ८:१५

चर मोकळी झाली. सोळा दिवस लागले. मधले सहा दिवस जेसीबी, बाकी आम्ही दोघं आणि दादाचा थोरला पोरगा. दादाच्या दोन सऱ्या गेल्या, माझ्या बाजूनं मी तीन फूट बांध सोडला. वरच्या मळेवाल्यांना निरोप दिला होता, ते एकदा येऊन बघून गेले, काही बोलले नाहीत. संस्थेच्या अर्जावर आत्तापर्यंत नऊ सह्या.

काल रात्री वळीव झाला. पहाटे पाचला दादाचा फोन आला. सात वर्षांत पहिला. "चरीच्या तोंडाशी ये," एवढंच म्हणाला. गेलो तर ओढ्याच्या काठावर बॅटरी घेऊन बसला होता. चरीतनं मनगटाएवढी धार पडत होती, गढूळ. त्यानं ओंजळीत घेऊन चाखलं, थुंकलं, आणि मला म्हणाला, "बघ."

खारट होतं.

एक बाटली भरून घेतलीय, सोमवारी तपासायला देतो. बांधावरून साहेब, पावसाच्या पाण्यात मिसळलेल्या नमुन्याची ईसी खरी येते का, की चार दिवस थांबून परत भरू?

बांधावरून | २२ मे, सकाळी ८:४०

ही पण द्या आणि चार दिवसांनी परत भरा. दोन्ही बाटल्यांवर तारीख लिहा.